मंगल उठत नाही



गटांच्या मेळाव्यासाठी आम्ही दहा मिनिटांचं नाटुकलं बसवतोय. गोष्ट साधीच. मंगलनं शिलाई मशीनसाठी गटातून 15,000 रुपये कर्ज घेतलंय आणि नवऱ्याला ते मोटारसायकलसाठी हवेत. कर्ज तिच्या नावावर, सही तिची, आणि हप्ता थकला तर पत जाते ती सगळ्या गटाची. दोघांच्या भांडणाचा प्रसंग तीनच मिनिटांचा आहे, पण आमच्या चार संध्याकाळी त्यातच गेल्या.

संवाद पटकन जमले. ते पाठ करायची कुणालाच गरज पडली नाही! अडलं ते कुणी कुठं बसायचं यावर. नवरा खुर्चीत, मंगल खाली तांदूळ निवडतेय. एकीचं म्हणणं, तिनं ताडकन उठून त्याला सुनवावं. टाळ्या पडल्या असत्या, हे खरं. पण बघणारी बाई घरी जाऊन तसं करू शकेल का? म्हणून ठरलं, मंगल उठायचीच नाही. उठतो तो. येरझारा घालतो, आवाज चढवतो, खुर्ची ढकलतो. ती खडे वेचत राहते आणि एवढंच म्हणते, "मशीनची ऑर्डर दिलीय." तालमीत बघताना तो जितका फिरत होता तितका लहान दिसत होता. रेडिओवर हे दाखवता येत नाही, पण तुम्ही डोळ्यांसमोर आणा.

पासबुक आम्ही नवऱ्याच्या खिशात ठेवलंय, अर्धं बाहेर डोकावणारं. त्यावर नाटकात कुणी एक शब्द बोलत नाही. बायांची नजर मात्र तिथंच जाते.

आमच्याकडे ना पडदा, ना दिवे. स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' 1983 पासून गावोगाव नेलं, तेव्हापासून आपल्याकडच्या बायांना ठाऊक आहे की अंगणातही नाटक होतं. फक्त लोक तिन्ही बाजूंना बसतात, म्हणून मंगलची पाठ कुणाकडे होणार हे आधी बघावं लागतं. आम्ही ती पुरुष बसतात त्या बाजूला ठेवलीय. मुद्दामच.

सासूला वाक्यच नाही. खाष्ट सासू आम्हाला नकोच होती. ती उंबऱ्यावर बसून दोघांकडे बघते, शेवटी सरकत मंगलशेजारी येते आणि सुपात हात घालते. पासबुक अजून खिशातच असतं. तिथं आम्ही नाटक थांबवतो आणि समोरच्यांना विचारतो, आता मंगलनं काय करावं?