एलियाहू हनाबी: रथाच्या खुणा आणि राहिलेला निरोप

मी बंगळुरूहून बोलतोय, तर सुरुवात इथूनच करतो. इथून सव्वाशे किलोमीटरवर श्रीरंगपट्टण. कंपनीच्या फौजेतला सॅम्युएल दिवेकर हा कोकणातला ज्यू अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत पडला होता. सुटका झाली तर प्रार्थनास्थळ बांधीन, असा नवस त्याने केला होता, असं सांगतात. १७९६ मध्ये त्याने मुंबईत बेने इस्रायली समाजाचं पहिलं सिनेगॉग उभं केलं.

बेने इस्रायली म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. नौगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, ती आमची पूर्वज, असं ते सांगतात. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनिवार तेली’. अडीअडचणीला त्यांच्या तोंडी नाव येतं एलियाहू हनाबीचं. हनाबी म्हणजे संदेष्टा.

एलियाहू इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला. त्याने अहाब राजाला दुष्काळाचं भाकीत तोंडावर सुनावलं. एका गरीब विधवेच्या घरचं पीठ आणि तेल त्याच्या शब्दाने सरलं नाही, तिचा मेलेला मुलगा उठून बसला. शेवटी अग्निरथ आला आणि तो जिवंतपणी स्वर्गात गेला. म्हणून ज्यू घरांत वल्हांडणाच्या सणाला आजही त्याच्यासाठी एक पेला भरून ठेवतात.

आता कोकणातली आख्यायिका. अलिबागजवळ खंडाळा नावाचं गाव आहे. घाटातलं खंडाळा नव्हे, हे वेगळं. तिथल्या कातळावर खुणा आहेत. त्या एलियाहूच्या रथाच्या, अशी श्रद्धा. तिथे नवस फेडायला लोक जातात आणि मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा, सोबत फळं.

तो मलिदा मी खाल्लाय. १९८७ मध्ये आम्ही श्रीलंकेत होतो. माझा एक मित्र, बेने इस्रायली, पोटात गोळी लागून पडला. त्याच चकमकीत माझ्या तुकडीतला सातारा जिल्ह्यातला एक जवान गेला. मित्राच्या आईने एलियाहूला नवस बोलला होता. जवानाच्या आईने पालीच्या खंडोबाला. एक मुलगा परत आला, एक नाही.

खंडाळ्याला मलिदा झाला. काकूंनी एक नारळ आणि खारीक-बदामांची पुडी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “त्या पोराच्या आईला नेऊन दे. माझा निरोप सांग.”

मंडळी, मी गेलो नाही. काय बोलणार होतो? तुमचा देव कमी पडला, असं? महिनाभर नारळ ट्रंकेत पडून होता. काकूंनी फोनवर विचारलं, “पोचवलंस का?” मी ‘हो’ म्हणालो. खोटं बोललो.

त्याच दिवसांत बायबलातली एलियाहूची गोष्ट पहिल्यांदा पूर्ण वाचली. कार्मेल डोंगरावर ४५० संदेष्ट्यांना एकट्याने हरवणारा हा माणूस, राणीच्या धमकीने रानात पळतो. एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. तेव्हा अग्निरथ येत नाही. देवदूत त्याला हलवून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी भाजलेली भाकरी आणि पाण्याचा घडा. खाऊन तो पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो. मग कुठे तो चालू लागतो.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली.

त्या माउलीने दारातच विचारलं, “साहेब, तुमच्या मित्राला आता बरं वाटतंय ना?” मला शब्द सुचेना. मी नारळ पुढे केला आणि निरोप सांगितला. तिने तो देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकासमोर ठेवला आणि मला जेवायला वाढलं. मी जेवलो.

कातळावरच्या खुणा रथाच्या की पावसापाण्याच्या, या वादात मी पडत नाही. एक मुलगा का आला आणि एक का नाही, याचं उत्तर माझ्याजवळ आजही नाही. पण एलियाहूची गोष्ट नातवंडांना सांगताना मी अग्निरथाआधी त्या झुडपाखालची भाकरी सांगतो.

अलिबागला गेलात तर खंडाळ्याला वाट वाकडी करून जरूर जा. आणि कुणाचा निरोप पोचवायचा राहिला असेल तर उशीर झाला म्हणून थांबू नका.