आगबोटीवरचे तीन दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मला बोलता येते ते बाजारात, पाटीपुढे बसून. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना शब्द कधी कमी पडले नाहीत, पण असे व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग. तेव्हा चूकभूल सांभाळून घ्यावी. आम्ही चौघीजणी गेल्या हिवाळ्यात मुंबईहून गोव्याला आगबोटीने जाऊन आलो. तेव्हापासून नळावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात एकच प्रश्न चालला आहे, "काय गं, कशी होती बोट?" मंडळाची पुढची सहलही अशीच काढावी अशी सूचना आली आहे. म्हणून चिटणीसबाई म्हणाल्या, एकदाच सगळ्यांना सांगून टाका.

प्रथम एक गोष्ट कबूल करते. माझा जन्म दांड्याचा, सासरही दांड्याचेच. सकाळी डोळा उघडला की समोर दर्या. परंतु चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी एकही रात्र दर्यावर काढलेली नव्हती. आपल्याकडे पुरुषाने बोटीवर जावे आणि बाईने मासळी विकावी, सुकवावी, घर चालवावे, अशी वाटणी पूर्वीपासून चालत आली आहे. दर्या आपला म्हणतो खरा, पण आपण बायका त्याला ओळखतो ते काठावरूनच.

आम्ही भिशी लावून तीन वर्षे पैसे साठवले. आमच्या मालकांना विचारले, "येता का?" ते म्हणाले, "ज्या जातीच्या जहाजाने माझी जाळी फाडली, त्याच्यावर बसायला मी येत नाही." ही जुनी गोष्ट आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी रात्रीच्या वेळी एक मोठे जहाज आमच्या जाळ्यांवरून निघून गेले. बोट थोडक्यात वाचली. यांनी बॅटरी दाखवली, सगळ्यांनी ओरडून घसे कोरडे केले, पण जहाज थांबले नाही. वरच्या लोकांना आम्ही दिसलोच नाही, असे ते म्हणत. मला ते कधी पटले नाही. एवढ्या मोठ्या जहाजावर एवढी माणसे, आणि कोणालाच दिसू नये? झोपले असतील मेले, असे मी म्हणत असे. असो. त्याविषयी पुढे सांगते.

मुंबई-गोवा बोटीचे नवल आपल्या आजी-आज्यांना नव्हते. त्या काळी भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट सुटे. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. पुष्कळ ठिकाणी ती धक्क्याला लागत नसे. पडाव बोटीला येऊन भिडे आणि पोरेबाळे, ट्रंका, कोंबड्या यांसह माणसे हिंदकळत त्यात उतरत. तो प्रवास गरजेचा होता. त्या बोटी बंद झाल्या. पुढे २०१८ साली 'आंग्रिया' ही बोट मुंबई-गोवा वाटेवर आली, तीही आता चालत नाही. आता मोठी, परदेशी बांधणीची जहाजे मुंबईहून सुटतात. त्यांतला प्रवास केवळ हौसेचा. आमचे जहाज म्हणजे समुद्रावर चालणारी दहा-अकरा मजल्यांची चाळच. मात्र चाळीत पोहण्याचा तलाव नि नाटकगृह नसते एवढाच फरक.

आता उपयोगाच्या गोष्टी क्रमाने सांगते.

जाहिरातीतला आकडा पाहून हरखू नये. त्यावर बंदराचा आकार, सरकारी कर, सेवकांसाठीचा आकार असे काही ना काही चढते. पैसे भरण्यापूर्वी "सर्व मिळून माणशी किती?" हे लिहून घ्यावे. खोली घेताना बिनखिडकीची सर्वांत स्वस्त पडते. आम्ही तीच घेतली आणि पस्तावलो नाही, कारण खोलीत बसायला कोण गेले होते? मात्र जिला कोंडल्यासारखे होते, तिने थोडे जास्त भरून खिडकीची घ्यावी. बोट लागण्याची भीती असेल तर खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी मागावी. जहाजाची टोके जास्त हलतात, मधला भाग कमी, असा हा प्रकार.

बॅलार्ड पिअरला जहाज लागते. २०२५ च्या सप्टेंबरात तेथे नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले आहे. सुटण्याच्या वेळेच्या पुष्कळ आधी जावे लागते, कारण तपासणी विमानतळासारखी असते. ओळखपत्र मूळचे न्यावे. छायाप्रतीवर भिस्त ठेवू नये. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि त्या खोलीवर येईपर्यंत काही तास जातात. म्हणून औषधे, चष्मा, एक लुगडे आणि टॉवेल हातातल्या पिशवीत असू द्यावे. आमच्यातल्या एकीची रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत गेली आणि संध्याकाळपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला. घरचे खाणे वर नेऊ देत नाहीत, तेव्हा सुकटीची चटणी बांधून घेण्याचा मोह टाळावा. मी टाळला नाही. ती दारातच राहिली.

वर गेल्यावर एक पत्ते खेळायच्या पानाएवढे कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पैशाचे पाकीट. ते दाखवून काहीही घेतले की खात्यावर मांडले जाते, आणि हिशेब शेवटच्या दिवशी कळतो. रोज संध्याकाळी हिशेब मागून पाहावा. आपण बाजारात पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बाया. तेथे गेल्यावर का सोडावा?

किनारा सुटला की फोनही सुटतो. जहाजाच्या उपग्रहावरून तो लागू शकतो, पण त्याचे पैसे फार पडतात. म्हणून विमानात करतात तसा फोन बंद करून ठेवावा आणि घरी आधीच सांगावे की फोन लागला नाही तर घाबरू नका. दोन दिवस घरच्यांनी आपल्याशिवाय काय जेवायचे हे त्यांचे त्यांनी ठरवावे. आमच्या घरी कोणी उपाशी राहिले नाही, हे परत आल्यावर पाहून बरेही वाटले आणि जरासे वाईटही वाटले!

जेवण भरपूर आणि हवे तितके असते, म्हणून ताट भरून घेण्याकडे मन धावते. थोडे थोडे घ्यावे. टाकलेले अन्न पाहून मला लाज वाटली. तळलेल्या सुरमईचा तुकडा हातात घेताच तो किती दिवस बर्फात होता ते मला कळले, पण पाहुणीने बोलू नये म्हणून गप्प खाल्ला. बोट लागू लागली तर पडून राहू नये. मोकळ्या हवेत येऊन दूर क्षितिजाकडे पाहावे, आल्याचा तुकडा चघळावा, कोरडे बिस्किट खावे. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना आधी विचारून, निघण्यापूर्वी घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग थोडा. जिन्यावरून उतरताना एक हात नेहमी कठड्याला असावा आणि पायात न घसरणारी चप्पल.

गोव्यात जहाज मार्मागोव्याला लागते. तेथून पणजी साधारण तीस किलोमीटर. टॅक्सीचे भाडे जाऊन-येऊन आधी ठरवावे आणि परतण्याच्या दिलेल्या वेळेच्या तासभर तरी आधी धक्क्यावर हजर व्हावे. एस.टी.चा कंडक्टर हाका मारील, जहाज कोणासाठी थांबत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. जहाज सुटण्यापूर्वी सर्व उतारूंची कवाईत घेतात. सात आखूड आणि एक लांब असा भोंगा वाजला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचे, जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे ते पाहायचे. आमच्या आजूबाजूचे कितीतरी लोक त्या वेळी फोटो काढण्यात दंग होते. भगिनींनो, तसे करू नका. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावर सर्वांना पुरतील इतक्या होड्या नव्हत्या. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून ३२ माणसे गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो उतारूंची कवाईत दुसऱ्या दिवसावर ठेवली होती. त्यानंतर ती सुटण्यापूर्वीच घेण्याची पद्धत पक्की झाली. आणि दूर कशाला जावे? १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. माझ्या सासूबाई ते नाव काढले की हात जोडत. जे वाचले त्यांतल्या कित्येकांना कोळ्यांच्या होड्यांनी बाहेर काढले. अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ ला, गेटवेहून घारापुरीला चाललेल्या बोटीला नौदलाची बोट धडकली आणि १५ जीव गेले. पाण्यावर जाकिटाला लाजणे म्हणजे जिवाशी खेळणे.

पहिल्या रात्रीचे सांगते. संध्याकाळी कुलाब्याचे टोक मागे पडले, खांदेरीचा दिवा डाव्या हाताला लुकलुकू लागला. बाकीच्या गाणे ऐकायला गेल्या. मी वरच्या मजल्यावर कठड्याशी उभी राहिले. खाली पाहिले, तर काळोखात इकडे एक, तिकडे दोन, असे बारीक ठिपके. आधी मला ते पाण्यावर पडलेले आमच्याच जहाजाच्या दिव्यांचे कवडसे वाटले. नीट पाहिल्यावर ध्यानात आले, त्या मासेमारीच्या बोटी होत्या. एक ठिपका आमच्या बाजूने मागे गेला, तेव्हा बोटीवर माणूस उभा असावा असे वाटले. तो हात करत होता की जाळे ओढत होता, काही कळले नाही. आवाज तर मुळीच नाही. वारा आणि यंत्रांची घरघर, एवढेच. आमचा थोरला त्या रात्री दर्यावरच होता. आमची बोट दांड्याच्या समोर, म्हणजे उत्तरेला, आणि मी चालले दक्षिणेला, हे ठाऊक असूनही प्रत्येक ठिपक्यात मी त्यालाच पाहत राहिले.

जहाजावर रत्नागिरीकडचा एक तरुण खलाशी होता. मी कोळीण आहे हे कळल्यावर तो जवळ येऊन बोलू लागला. मी त्याला सरळ विचारले, "बाबा, तुम्हाला आमच्या बोटी दिसतात का?" तो म्हणाला, "मावशी, राडारवर लोखंडाचे जहाज चांगले दिसते. लाकडी किंवा फायबरची लहान बोट लाटांच्या गर्दीत हरवते. आणि दिसली तरी एवढे धूड ब्रेक दाबून थांबत नाही. थांबायला किलोमीटरहून अधिक पाणी लागते. म्हणून आम्ही दिव्यांवर नजर ठेवतो." मग त्याने मला बोटे मोडून सांगितले. मासेमारी चालू असलेल्या बोटीने लाल दिवा वर आणि पांढरा खाली लावावा. ट्रॉलर असेल तर हिरवा वर, पांढरा खाली. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. मासेमारीत गुंतलेल्या बोटीला मोठ्या जहाजाने वाट द्यावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, पण बंदराच्या अरुंद वाटेत लहान बोटीने मोठ्याची वाट अडवू नये असाही नियम आहे. आणि वाट द्यायची ती दिवा दिसला तरच! तो म्हणाला, "कित्येक बोटींवर कामासाठी असा झगझगीत दिवा असतो की त्यात लाल-हिरवा बुडून जातो. घरी सांगा मावशी, दिवे उंच लावा आणि चालू ठेवा."

मी त्या रात्री फार झोपले नाही. वीस वर्षे मी त्या अनोळखी जहाजावरच्या माणसांना झोपाळू म्हणत आले. चूक कोणाची होती ते मला आजही सांगता येणार नाही. पण आमचे मालक म्हणत ते खरे होते, आम्ही दिसलोच नव्हतो.

घरी आल्यावर हे सगळे त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, "मी तेव्हाच सांगत होतो," एवढेही म्हटले नाही. चार दिवसांनी थोरल्याला घेऊन बंदरावर गेले, डोलकाठीवरचे दिवे खाली काढले, तारा बदलल्या. एक लाल दिवा कधीपासून बंद पडलेला होता, ते कोणाच्या ध्यानातही नव्हते.

भगिनींनो, सहल जरूर काढा. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढणाऱ्या बाईने तीन दिवस दुसऱ्याच्या हातचे खावे यात काही पाप नाही. फक्त एका रात्री गाणे सोडून पाव तास कठड्याशी उभ्या राहा आणि खाली पाहा. आणखी एक विनंती. आपल्या घरातली तिजोरी बहुतेक आपल्याच हाती असते. जून-जुलैची बंदी संपून बोटी निघण्यापूर्वी, नारळी पुनवेच्या नव्या लुगड्याआधी, बोटीवरचे दिवे, जाकिटे आणि सरकारने २०२४ पासून द्यायला घेतलेले संदेशयंत्र नीट चालते की नाही, हे प्रत्येकीने घरात विचारावे. त्या यंत्राने किनाऱ्याला संकट कळते. अंधारात समोरच्या जहाजाला मात्र आधी दिवाच दिसावा लागतो. दर्यावर जाणे पुरुषांचे असेल, पण विचारण्याचा अधिकार आपला आहे.

 सहलीसाठी नावे द्यायची असतील तर चिटणीसबाईंकडे द्यावीत. भिशी पुढच्या महिन्यापासून सुरू होते.