मुक्या संगणकाची नाडीपरीक्षा

घरांतील संगणक एके दिवशीं अचानक मुका झाला, तर डोळस माणसाला त्याची फारशी झळ लागत नाहीं. गाणीं ऐकूं येत नाहींत, एवढीच त्याची तक्रार असते. परंतु ज्याची दृष्टि गेली आहे, त्याला संगणकाचा आवाज म्हणजेच संगणकाचा पडदा. लिनक्सवर ‘ऑर्का’ नांवाचा कार्यक्रम पडद्यावरील मजकूर बोलून दाखवितो, आणि ‘ईस्पीक एनजी’ या वाचायंत्रणेच्या साहाय्यानें तो मराठीहि वाचतो. आवाज गेला कीं हें सारें एका क्षणांत अंधारांत बुडतें. म्हणून ‘साउंड कार्ड सांपडत नाहीं’ ही तक्रार वरवर क्षुल्लक वाटली, तरी तिची चिकित्सा कशी करावी हें जाणून घेणें अगत्याचें आहे.

अशा एका घराची कल्पना करावी. दृष्टि गमावलेले एक निवृत्त शिक्षक रोज सकाळीं संगणकाकडून वर्तमानपत्र वाचवून घेतात. यंत्रावर उबुंटूची 22.04 ही आवृत्ति आहे. एके सकाळीं यंत्र चालू होतें, पण बोलत नाहीं. नातू सेटिंग्ज उघडून पाहतो, तों तेथें कार्डाच्या नांवाऐवजीं ‘डमी आउटपुट’ हे दोनच शब्द! “आजोबा, कार्डच जळलें,” असा निकाल तो देऊन टाकतो, आणि कोठून कोठून मिळालेल्या आज्ञा देण्यास सरसावतो. हें पुडकें काढ, तें घाल, अमकी फाइल पूस. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असाच हा प्रकार. आजोबा त्याला थांबवितात. “बाळ, औषध मागाहून. आधीं रोग कोठें आहे तें पाहूं. मी विचारतों, तूं पडद्यावर दिसेल तें मला वाचून दाखव.”

आजोबांचा पहिला प्रश्न व्याकरणाचा असतो. ‘कार्ड सांपडत नाहीं’ हें खरें. पण कोणाला सांपडत नाहीं? लिनक्समध्यें आवाज कर्ण्यापर्यंत पोंचण्यापूर्वीं कार्डाची ओळख निरनिराळ्या पांच ठिकाणीं पटावी लागते. सेटिंग्जची खिडकी ही त्यांपैकीं वरच्या टोकाची साक्षीदार. खालीं काय बिघडलें याची तिला वार्ताहि नसते. ‘डमी आउटपुट’ याचा अर्थ कार्ड जळलें असा नसून, ‘माझ्यापर्यंत कोणतेंहि कार्ड पोंचलें नाहीं’ एवढाच आहे. म्हणून चौकशी नेहमीं तळापासून वर करीत जावी.

सर्वांत खालचें ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष यंत्र. पूर्वीं साउंड कार्ड ही निराळी खोंचावयाची पट्टी असे. इंटेलनें 2004 सालीं ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ ही योजना प्रसिद्ध केली. तेव्हांपासून बहुतेक संगणकांत मदरबोर्डावरच एक नियंत्रक व त्याला जोडलेली कोडेक नांवाची चिप असते. नियंत्रक अंकांची ने-आण करतो. कोडेक त्या अंकांचें कर्ण्याला समजेल अशा विद्युत्-लहरींत रूपांतर करतो. हा नियंत्रक यंत्राला दिसतो किंवा नाहीं हें ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेनें कळतें. तिच्या यादींत ‘ऑडिओ’ हा शब्द असलेली ओळ नसेल, तर लिनक्सला दोष देण्यांत अर्थ नाहीं. यंत्राच्या मूळ मांडणींत, म्हणजे बायोसमध्यें, ध्वनीची सोय कोणी बंद तर केली नाहीं ना, हें प्रथम पाहावें. ती चालू असूनहि ओळ दिसत नसेल, तरच चिप निकामी झाल्याचा संशय घ्यावा.

नातू यादी वाचतो. ऑडिओची ओळ तींत असते. म्हणजे कार्ड जळलेलें नाहीं, हें पहिल्याच पायरीवर ठरलें. नवें यंत्र विकत घेण्याची भाषा येथेंच संपते.

दुसरें ठिकाण चालकाचें, म्हणजे ड्रायव्हरचें. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं 1991 सालीं हेलसिंकी येथें लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहावयास घेतला. यारोस्लाव्ह किसेला यांनीं 1998 सालीं ‘ॲडव्हान्स्ड लिनक्स साउंड आर्किटेक्चर’ अर्थात् ‘अल्सा’ ही ध्वनियोजना सुरू केली, आणि 2003 च्या अखेरीस निघालेल्या 2.6 या कर्नेलपासून तिला तेथें प्रमुख स्थान मिळालें. निरनिराळ्या चिपांचे चालक या योजनेंत अंतर्भूत आहेत. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेला ‘उणे के’ ही पुस्ती जोडली, म्हणजे प्रत्येक उपकरणाखालीं त्याचा चालू असलेला चालक लिहून येतो. चालक बसतांना कांहीं तक्रार झाली असल्यास ती ‘डीमेसग’ या आज्ञेनें दिसणाऱ्या कर्नेलच्या रोजनिशींत नोंदलेली असते. कांहीं नव्या लॅपटॉपांत चालकाबरोबर ‘साउंड ओपन फर्मवेअर’ हें निराळें पुडकेंहि लागतें. तें नसल्यास चालक असूनहि कार्ड उभें राहत नाहीं, आणि रोजनिशींत ‘फर्मवेअर’ या शब्दासह तशी नोंद सांपडते.

तिसरें ठिकाण अल्साची स्वतःची यादी. ‘एप्ले’ या आज्ञेला ‘उणे एल’ जोडल्यास ती दिसते. तेथें एकहि कार्ड नसेल, तर दोष खालच्या दोन पायऱ्यांपैकीं एकीवर आहे. कार्ड असेल, तर खालचें सर्व ठीक असून दोष वर आहे. साऱ्या चौकशीचे दोन भाग पाडणारी अशी ही आज्ञा आहे. म्हणून घाई असेल त्यानें आरंभ येथूनच करावा.

चौथें ठिकाण ध्वनिवाटपाच्या सेवकाचें. अनेक कार्यक्रमांचे आवाज एकत्र करून कार्डाकडे पाठविण्याचें काम पूर्वीं ‘पल्सऑडिओ’कडे असे, अलीकडे बहुतेक ठिकाणीं ‘पाइपवायर’ तें करतो. अल्साच्या यादींत कार्ड आहे आणि सेटिंग्जमध्यें नाहीं, अशा वेळीं हा सेवक झोंपला आहे, किंवा दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमानें कार्ड अडवून धरलें आहे, असें समजावें. पांचवें ठिकाण आवाजाच्या खटक्यांचें. ‘अल्सामिक्सर’ या आज्ञेनें उभ्या पट्ट्या दिसतात; पट्टीखालीं ‘एमएम’ हीं अक्षरें असतील, तर ती वाट बंद आहे. एम हें अक्षर दाबलें कीं ती उघडते. कधीं कधीं आवाज निघतो, पण एचडीएमआयच्या तारेनें कर्णा नसलेल्या पडद्याकडे जातो. तेथें कार्ड सांपडलेलें असतें. वाट तेवढी चुकलेली असते.

आतां त्या घराकडे वळूं. दुसऱ्या पायरीवर नातू वाचून दाखवितो कीं, ऑडिओच्या ओळीखालीं चालकाचें नांवच नाहीं. रोजनिशींतहि ध्वनीविषयीं तक्रार नाहीं. तिसऱ्या पायरीची यादी रिकामी. म्हणजे चालक बसतांना अडखळला असें नव्हे. तो तेथें आलाच नाहीं. आजोबा विचारतात, “काल या यंत्रांत काय नवें झालें?” नातू थोडा ओशाळतो. आदल्या संध्याकाळीं त्यानें हौसेनें एक नवें कर्नेल स्वतः निवडून घातलेलें असतें.

उलगडा येथें होतो. उबुंटूच्या या आवृत्तींत ध्वनीचे चालक कर्नेलच्या मूळ पुडक्यांत नसून ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ या निराळ्या पुडक्यांत असतात. नेहमींच्या सुधारणेंत तें आपोआप येतें; हातानें कर्नेल निवडणाऱ्याकडून तें राहून जातें. पडताळा सोपा आहे. यंत्र सुरू होतांना दिसणाऱ्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या यादींतून नातू जुनें कर्नेल निवडतो. यंत्र बोलूं लागतें! मग नव्या कर्नेलच्या क्रमांकाचें तें पुडकें घालून यंत्र पुन्हां सुरू केलें, कीं काम पुरें होतें. कार्ड निरोगी, यंत्र निरोगी. उणीव होती ती एका पुडक्याची. आधींच्या आज्ञा चालविल्या असत्या, तर ध्वनिसेवकच निघून गेला असता, आणि जुन्या कर्नेलवरहि यंत्र बोललें नसतें. खरा पुरावाच त्यामुळें नष्ट झाला असता.

ज्या घरांत आवाजावर कोणाचें वाचन अवलंबून आहे, तेथें दोन गोष्टी अवश्य कराव्या. यंत्र धड बोलत असतांनाच वरील तीन आज्ञांचीं उत्तरें कागदावर उतरवून ठेवावीं. निरोगी नाडी ठाऊक असली म्हणजेच बिघडलेली ओळखतां येते. आणि एक चांगलें चाललेलें जुनें कर्नेल केव्हांहि पुसूं नये. यूएसबीचा लहानसा ध्वनिजोड जवळ असणेंहि बरें, कारण मदरबोर्डावरील चिप बिघडल्यास तो उपयोगी पडतो. मात्र वरील प्रसंगीं तोहि मुकाच राहिला असता. त्याचा चालकहि त्याच राहून गेलेल्या पुडक्यांत होता.

त्या सकाळचें वर्तमानपत्र आजोबांना तासभर उशिरां ऐकावयास मिळतें. त्यानंतर नातू कोणतीहि आज्ञा देण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःशीं विचारतो: सांपडत नाहीं, पण कोणाला?