समाजमाध्यमे, जागतिक राजकारण आणि भाषेची राखण
(हीरकमहोत्सवी समारंभातील भाषण)



समाजमाध्यमांनी जगाचे राजकारण बदलले, याविषयी आता दुमत नाही. ते कोणत्या दिशेने बदलले, याविषयी मात्र आहे. दोन देशांची उदाहरणे आपल्यापुढे ठेवतो.

जून २०१० मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे खालेद सईद हा तरुण पोलिसांच्या मारहाणीत मरण पावला. त्याच्या नावाने फेसबुकवर एक पान उघडले गेले, आणि २५ जानेवारी २०११ च्या निदर्शनांची हाक त्या पानावरूनही दिली गेली. सरकारने २८ जानेवारीला इंटरनेट बंद पाडले. तरीही माणसे रस्त्यावर आलीच. ११ फेब्रुवारीला, सुमारे तीस वर्षे सत्तेवर असलेले होस्नी मुबारक पायउतार झाले. दबलेल्या आवाजाला वाट मिळाली, असे तेव्हा जगाला वाटले. आणि ते खोटे नव्हते.

तेच साधन म्यानमारमध्ये वेगळ्या कामी आले. २०१४ नंतर तेथे सिमकार्डे एकाएकी स्वस्त झाली आणि असंख्य लोकांसाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट ठरले. रोहिंग्या मुसलमानांविरुद्धचा विखारी मजकूर बर्मी भाषेत मोकाट फिरू लागला. ती भाषा जाणणारे तपासनीस कंपनीकडे अगदी मोजके होते, आणि तेथील प्रचलित लिपिसंकेत वेगळा असल्याने यंत्रालाही तो मजकूर नीट उमगत नव्हता. ऑगस्ट २०१७ पासूनच्या लष्करी कारवाईनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. हिंसेला चिथावणी देण्यासाठी होणारा आपला वापर रोखण्यात आपण कमी पडलो, हे कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्य केले.

म्यानमारच्या अनुभवातून मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. माध्यमाचा मालक ज्या भाषेत वाचत नाही, त्या भाषेची राखण तिच्या वाचकांनाच करावी लागते.

ही गोष्ट दूरची नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेकरी भटक्या जमातीतील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार केले. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. तेथील संदेश तर पाठविणारा व घेणारा यांच्यावाचून कोणालाच वाचता येत नाहीत. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपलीकडे पुढे पाठविण्यास मर्यादा घातली. पण पहिल्या पाचांना तो पाठवावा की नाही, हे ठरविणारे आपणच असतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांची मराठी आज पुष्कळशी अशा कौटुंबिक समूहांवरच नांदते. दूरदेशी मायबोलीत आलेला मजकूर आपल्याला आपल्या माणसाचा वाटतो, आणि म्हणूनच त्यावर चटकन विश्वास बसतो. त्या जिव्हाळ्याचा गैरफायदा घेणे सर्वांत सोपे असते.

या शाळेने आपल्याला अक्षरओळख दिली, तशीच उताऱ्याखालील प्रश्नांची सवयही लावली : हे कोण म्हणाले? कोणास म्हणाले? का म्हणाले? संदेश पुढे पाठविण्यापूर्वी हेच तीन प्रश्न आपण स्वतःला विचारू, आणि घरातील मुलांदेखत विचारू. शाळेचे ऋण फेडण्याची याहून साधी रीत मला ठाऊक नाही.