इंधन वाचते, मग खप का वाढतो?



निम्म्या सरपणात स्वयंपाक होईल अशी चूल आली, तर गावाचा सरपणाचा खप निम्म्यावर येईल, असं आपण चटकन म्हणू. पण देशाचा हिशेब नेहमीच इतका सरळ नसतो.

स्कॉटलंडचे उदाहरण घ्या. लोखंड गाळण्याच्या भट्टीत गार हवेऐवजी तापवलेली हवा सोडण्याची युक्ती नील्सन या गृहस्थांनी १८२८ साली काढली. पुढे टनभर लोखंडाला लागणारा कोळसा पूर्वीच्या एक तृतीयांशाहूनही कमी झाला. मग कोळशाचा खप घटला का? छे! १८३० ते १८६३ या काळात तो दहापट झाला. लोखंड स्वस्त झाले, तशी त्याची मागणी वाढली. जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ च्या आपल्या ग्रंथात हे दाखवून दिले.

शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मांडावे. एकूण इंधन म्हणजे काम गुणिले दर कामामागचे इंधन. एक तृतीयांशाला कितीने गुणले म्हणजे दहा येतील? तिसाने. म्हणजे लोखंड निदान तीसपट निघू लागले. तेव्हा देशाला उद्या किती वीज लागेल याचा अंदाज बांधताना, यंत्र सुधारल्याने काम किती वाढेल, हेही धरावे लागते.

ही वाढ सगळीकडे सारखी नसते. ६० वॅटच्या दिव्याजागी ९ वॅटचा एलईडी दिवा आला. २०१५ पासून सरकारच्या उजाला योजनेत असे कोट्यवधी दिवे वाटले गेले. ही बचत पुसायला घरात एकाऐवजी जवळजवळ सात दिवे लावावे लागतील. एवढे कोण लावतो? इथे बचत बरीचशी टिकते. विहिरीचं तसं नाही. नवा पंप तेवढ्याच विजेत जास्त पाणी उपसू लागला, की आणखी अर्धा एकर ऊस लावावासा वाटतो. मग वीज तेवढीच जळते, आणि विहीर मात्र लवकर तळ गाठते.

अंदाज चुकतातही. तेल आणि वारा कोळशाची जागा घेतील, असे जेव्हन्सला वाटले नव्हते. पण ब्रिटनने कोळशावरचे आपले शेवटचे वीजकेंद्र २०२४ साली बंद केले. म्हणून हिशेब एकदा मांडून चालत नाही, तो वरचेवर तपासावा लागतो.

सुधारलेला पंप जरूर घ्यावा. मात्र दर महिन्याला मीटरचा आकडा आणि विहिरीतल्या पाण्याची पातळी, दोन्ही वहीत लिहून ठेवावी. खरी बचत झाली की नाही, ते ती वहीच सांगेल.