दुर्बिणीचा खांब आणि आपली काळी माती



वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. ७ व्या शतकातील ज्योतिषी पहिला भास्कर याने ‘महाभास्करीय’ या ग्रंथात दक्षिणोत्तर मध्यरेषेवरील स्थाने सांगितली आहेत. त्यांत अवंतीबरोबर वत्सगुल्माचेही नाव आहे. अशा गावी कोणी परसात दुर्बीण लावू म्हणाला तर नवल नाही. पण ही हौस बरेचदा भिंगापायी नव्हे, दुर्बिणीच्या डगमगण्यापायी ओसरते.

हिशेब पाहा. १५० पट मोठे दाखवणारी दुर्बीण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग हलली, तर डोळ्याला ती हालचाल अडीच अंशांची भासते. पाच पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढी! शनीची कडी पाहायला रांगेत ताटकळलेल्या मुलांना मग थरथरता ठिपकाच दिसतो. यासाठी तिपाईपेक्षा काँक्रीटचा खांब बरा. आणि तो जाड हवा. गोल खांबाचा व्यास दुप्पट केला की ताठपणा १६ पट होतो.

आता तुम्ही म्हणाल, खड्डा खणला, काँक्रीट ओतले, झाले! पण आपली जमीन पडली काळी, कपाशीची. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यात रोवलेला खांबही कलू लागतो. एक मीटर उंचीवर तो एक सेंटिमीटर कलला, तरी दुर्बिणीचा अक्ष ३४ कला ढळतो. चंद्रबिंबाहूनही हे अंतर अधिक आहे.

म्हणून काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणावे आणि पाया मुरमावर बसवावा. खड्ड्यात तीच माती परत न लोटता मुरूम भरून चोपावा. मुरूम फार खोल असेल, तर जाणत्या अभियंत्याला विचारावे. खांबात सळया घालाव्यात. माथ्याचे बोल्ट काँक्रीट ओले असतानाच बसवावेत. दहा-पंधरा दिवस पाणी मारावे, दुर्बीण महिन्याने चढवावी. भोवती फरशी केलीत, तर खांबापाशी बोटभर फट राखा. नाहीतर प्रत्येक पाऊल दुर्बिणीला कळेल. मोठ्या वेधशाळांतही दुर्बिणीचा खांब इमारतीपासून असाच अलग ठेवतात.

दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, तर उत्तर दिशा मोकळी हवी. लंडनला ध्रुवतारा ५१ अंशांवर दिसतो, वाशीमला जेमतेम २० अंशांवर. दुर्बीण एक मीटर उंच आणि उत्तरेची भिंत तीन मीटर असेल, तर दोहोंत सहा मीटर तरी अंतर ठेवावे.

शेवटी एक परीक्षा. उन्हाळ्यात खांबाच्या माथ्यावर पाणसळ ठेवून बुडबुडा कोठे थांबतो ते टिपून ठेवा. दिवाळीत त्याच जागी पुन्हा पाहा. बुडबुडा जागचा हलला नसेल, तर खुशाल मुलांना बोलवा!