उत्तरायुष्यातील सायकल



हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात विलीन झाल्यावर शाळामास्तरांची, ग्रामसेवकांची आणि पोस्टमनांची जी पिढी आपल्या मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून कामास लागली, तिच्यातील पुष्कळांजवळ नेमणुकीचा हुकूम आणि पदरच्या पैशाने घेतलेली एक सायकल, एवढीच काय ती सामग्री होती. पावसाळ्यात काळ्या रानातली माती मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये अशी ठासून बसे की, स्वारानेच वाहनाला खांद्यावर घेऊन पुढची मजल मारावी; उन्हाळ्यात बाभळीचा काटा ट्यूबचा प्राण घेई; आणि तरीही ती सायकल तालुक्याच्या कारभाराचे एक अंग होती. पुढे दारात फटफटी आली, मुले कमावती झाली, आणि सायकल माळवदाच्या घरातील अडगळीत गेली. आज एखादे निवृत्त गुरुजी प्रकृतीसाठी म्हणून तीच सायकल झाडूनपुसून बाहेर काढतात, तो चौकातच कोणी तरी आस्थेने विचारतो, "गुरुजी, गाडी बिघडली काय?"

माझे प्रतिपादन एवढेच आहे की, साठीनंतर सायकलीकडे परतणाऱ्यास गुडघा जितका अडवीत नाही तितका हा लौकिक अडवितो. मात्र लौकिकाची हरकत एकदा फेटाळून लावली की गुडघ्याची कैफियत सावकाश, पूर्ण ऐकून घेतली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य असते.

या परतण्याचा सर्वांत ठळक दाखला फ्रान्समधील आहे. १९११ साली जन्मलेले रोबेर मार्शां तरुणपणी सायकल चालवीत असत. पुढे पॅरिसमध्ये अग्निशामक दलाची नोकरी, व्हेनेझुएला आणि कॅनडा येथील कष्टाची कामे, असा संसाराचा दीर्घ फेरा झाला, आणि सत्तरी जवळ आली असता ते पुन्हा सायकलीवर बसले. २०१२ साली, शंभरी उलटल्यावर, त्यांनी एका तासात २४ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले. आणि २०१४ साली, म्हणजे आणखी दोन वर्षांनी म्हातारे झाल्यावर, २६.९२७ किलोमीटर. ही वाढ कशी झाली, याचा अभ्यास वेरोनिक बिया या शरीरशास्त्रज्ञ विदुषींनी केला. दरसाल सुमारे ५,००० किलोमीटरांचा सराव. त्यातील चार पंचमांश बोलत बोलत करता येईल इतका हलका, आणि उरलेलाच काय तो दम लागेल असा. परिणाम असा की, शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे मिनिटाला जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता ३१ मिलिलिटरांवरून ३५ वर गेली. वयाबरोबर जे केवळ घटतच जाते असे वैद्यकाने गृहीत धरले होते, ते एकशे एक आणि एकशे तीन या वयांच्या दरम्यान वाढले! मला स्वतःला त्यांच्या विक्रमापेक्षा त्या चार पंचमांशाचे महत्त्व अधिक वाटते. कारण आपल्याकडील उत्साही मनुष्य नेमके उलट करतो, पहिल्याच सकाळी गावातल्या पोरांशी शर्यत लावतो आणि चौथ्या दिवशी तेल चोळून घेत खाटेवर पडतो.

लंडन आणि बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी ५५ ते ७९ वयाच्या १२५ सराईत सायकलस्वारांची तपासणी केली, तीत त्यांचे स्नायू आणि रोगप्रतिकारशक्तीची काही लक्षणे वयाच्या मानाने पुष्कळ तरुण आढळली. परंतु ही माणसे मुळातच निवडक आणि निरोगी होती, हे विसरून कोणी सायकलीला अमृत ठरवू नये. आपल्याकडेही पुण्याच्या निवृत्त प्राध्यापिका निरुपमा भावे यांनी सत्तरीच्या सुमारास पुण्याहून कन्याकुमारीपर्यंत सायकल नेली, ही गोष्ट, विशेषतः या सभागृहातील ज्या भगिनींना वयाच्या मर्यादेपूर्वीच चारचौघांची मर्यादा सांगितली जाते त्यांच्यासाठी, मुद्दाम नमूद करतो.

आता गुडघा. सायकलीवर देहाचा बराचसा भार बैठक पेलते, म्हणून चालताना कुरकुरणारा सांधा येथे पुष्कळदा निमूटपणे काम करतो. पण बैठक खाली असेल तर तोच सांधा प्रत्येक फेऱ्याला अवाजवी दुमडतो आणि दुखू लागतो. पायडल अगदी खाली असता टाच त्यावर ठेवून पाय जवळजवळ सरळ व्हावा, आणि चवड्याने चालविताना गुडघ्यात किंचित बाक राहावा, इतकी ती उंच करून घ्यावी. घरून निघताना पाय जमिनीला पुरतो की नाही एवढेच पाहून बैठक खाली ठेवण्याची आपली जुनी रीत या कामी घातक आहे. दुसरे असे की, भार बैठकीवर जात असल्यामुळे हाडांना मजबुती देण्याचे काम सायकल फारसे करीत नाही. त्यासाठी चालणे आणि थोडे वजन उचलणे सोडता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीपुढच्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचे मध्यम श्रम सांगितले आहेत, आणि त्यांच्या जोडीला तोल सांभाळण्याचे व्यायामही. ज्यांना हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्यांनी आधी डॉक्टरांची संमती घ्यावी, हे सांगण्यास मी वैद्य असण्याची आवश्यकता नाही.

राहता राहिला आपला मुलूख. आपल्या कंधारभोवती बालाघाटाच्या टेकड्या आहेत, त्यामुळे कोणत्याही दिशेला निघाले तरी थोड्याच वेळात चढ लागतो. तो लागताच उतरून सायकल हाती धरून चालण्यात कसलाही कमीपणा नाही. चैत्र-वैशाखात सूर्य वर येण्यापूर्वी परतावे. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्री-पहाटे मागच्या दिव्यावाचून रस्त्यात उभ्या असतात, तेव्हा नांदेडचा हमरस्ता टाळावा आणि मागे-पुढे दिवे लावल्याखेरीज बाहेर पडू नये. प्रारंभी मन्याड नदीच्या पुलावरून बहादरपुऱ्यापर्यंत जाऊन परत यावे. दम लागला नाही, शेजाऱ्याशी बोलता आले, तर पुढच्या महिन्यात फुलवळची वाट धरावी.